खोकडांमधले परजीवी: रानात कोणते, फार्मवर कोणते आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: रानातल्या आणि फरसाठी पाळलेल्या खोकडांमध्ये कोणते परजीवी आढळतात, पिंजऱ्यातली जनावरं रानातल्यांपेक्षा सुरक्षित असतात का, आणि विष्ठेच्या तपासणीत काही सापडलं नाही तर निर्धास्त राहावं का? पशुवैद्यक म्हणून मी दोन्हीकडची जनावरं पाहत आले आहे, शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि पिंजऱ्यांच्या रांगांमध्येही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: एका तपासणीवर अजिबात निर्धास्त राहू नका. मधल्या प्रश्नाला मात्र सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. पिंजऱ्यामुळे काही परजीवींची वाट बंद होते, तर काहींची आयती सोय होते. कोणाची वाट बंद झाली आणि कोणाची सोय झाली हे कळायला नावांची यादी पाठ करून भागत नाही. प्रत्येक परजीवीबद्दल एवढंच विचारायचं की हा एका खोकडातून दुसऱ्यात जातो कसा. काही उंदीर किंवा गोगलगाय खाल्ल्याने जातात, काही मातीतून, काही आईच्या पोटातूनच, तर काही अंगाला अंग लागून. खाली मी ज्याला खोकड म्हणते ते मुख्यतः लाल खोकड, ज्याला बरेच जण लाल कोल्हा म्हणतात. फार्मवरचं चंदेरी खोकड हा त्याच जातीचा गडद रंगाचा प्रकार आहे, आणि ब्लू फॉक्स म्हणजे पाळलेलं ध्रुवीय खोकड.

माणसाच्या दृष्टीने यातला सर्वांत घातक परजीवी म्हणजे एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा फीतकृमी. लांबी जेमतेम 1 ते 4 मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढासुद्धा नाही. एका खोकडाच्या लहान आतड्यात असे हजारो कृमी असू शकतात आणि तरी ते जनावर धडधाकट, तुकतुकीत केसांचं आणि पोट भरलेलं दिसतं. कृमींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, व्होल जातीचे उंदीर ती गवताबरोबर खातात, त्यांच्या यकृतात अळीची गाठ वाढते, आणि असा उंदीर खोकडाने खाल्ला की साधारण चार आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून नवी अंडी पडू लागतात. माणूस या चक्रात चुकून शिरतो. अंडी पोटात गेली तर यकृतात अळी कर्करोगासारखी पसरत जाते, आणि पहिली तक्रार जाणवेपर्यंत 5 ते 15 वर्षं निघून गेलेली असतात. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर अल्बेंडाझोल हे जंतनाशक वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यावं लागतं.

आता पिंजऱ्याचं गणित पाहा. जमिनीपासून उंच, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दळलेलं खाद्य खाणाऱ्या खोकडाला व्होल मिळतच नाही. चक्राचा एक दुवा तुटला की पुढचं सगळं थांबतं, म्हणून नीट चालवलेल्या फार्मवर हा फीतकृमी सहसा सापडत नाही. पण हे श्रेय पिंजऱ्याच्या रचनेचं आहे, फरच्या धंद्याचं नव्हे. जपानच्या उत्तरेला असलेल्या रेबुन बेटावर 1920च्या दशकात कुरील बेटांवरून खोकडं आणून सोडली गेली. उंदीर कमी व्हावेत आणि फर मिळावी, असे दोन्ही हेतू होते. त्या खोकडांबरोबर हा कृमीही आला. पुढच्या दशकात माणसांमध्ये यकृताचे रुग्ण दिसू लागले आणि कालांतराने त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. शेवटी बेटावरची खोकडं आणि कुत्री नाहीशी करावी लागली, तेव्हा कुठे चक्र थांबलं. जनावर एका जागेहून दुसरीकडे नेताना आपण त्याच्या आतड्यातलं जगही नेत असतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

युरोपात या कृमीचा पसारा वाढण्यामागे एका चांगल्या कामाचाही हात आहे. 1978 मध्ये स्वित्झर्लंडच्या ऱ्होन खोऱ्यात रेबीजची लस आमिषातून खोकडांना द्यायला सुरुवात झाली. ती मोहीम पुढे अनेक देशांत पसरली आणि पश्चिम व मध्य युरोपातला खोकडांचा रेबीज जवळपास संपला. मरण्याचं एक मोठं कारण गेल्यावर खोकडं वाढली, शहरांत शिरली आणि कृमीही त्यांच्याबरोबर आला. रेबीजची लस देणं योग्यच होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वन्यजीवांमधल्या एका रोगाला हात लावला की दुसऱ्यावर लक्ष ठेवावंच लागतं. म्युनिक, झुरिक आणि जपानमधल्या होक्काइडोच्या परिसरात प्राझिक्वाँटेल हे फीतकृमींवरचं औषध घातलेली आमिषं वारंवार टाकून संसर्ग बराच खाली आणून दाखवला आहे. अडचण अशी की प्राझिक्वाँटेल कृमी मारतं, अंडी मारत नाही, आणि उंदरांच्या यकृतातल्या गाठी जागच्या जागी राहतात. त्यामुळे आमिषं थांबली की संसर्ग पुन्हा चढतो.

हे मोजतात कसं तेही सांगते, कारण विष्ठेच्या तपासणीवर विसंबू नका असं मी का म्हणते ते त्यातून कळेल. मेलेल्या खोकडाला हात लावण्याआधी शव किंवा आतडं उणे 80 अंश सेल्सिअसला काही दिवस ठेवतात. घरच्या फ्रीजरच्या उणे 20 अंशांत ही अंडी मरत नाहीत, आणि अल्कोहोल किंवा नेहमीची जंतुनाशकंही त्यांच्यावर भरवशाची नाहीत. त्यांना मारते ती उष्णता आणि कोरडेपणा. नंतर लहान आतडं उभं चिरून त्याचे तुकडे सलाइनमध्ये घालून जोरात हलवायचे, आतलं अस्तर दोन बोटांमध्ये धरून निपटून काढायचं, आणि गाळ बसू द्यायचा. वरचं पाणी ओतून पुन्हा सलाइन घालायचं. असं पाणी नितळ होईपर्यंत करायचं आणि उरलेला गाळ थोडा थोडा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तीन-चार खंडांचे हे इवलेसे कृमी तेव्हा दिसतात आणि मोजता येतात. एका मागोमाग एक आतडी रिकामी निघतात, आणि मग एखाद्यात मोजता मोजता हात दुखावा इतके कृमी असतात. बहुतेक कृमी मोजक्याच खोकडांत एकवटलेले असतात, त्यातही तरुण खोकडांत जास्त. विष्ठेत याची अंडी सापडली तरी ती टीनिया जातीच्या इतर फीतकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात. फरक करायला पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी लागते.

आता मातीतून आणि गोगलगायीतून येणाऱ्यांकडे वळते. फर-फार्मचा धंदा कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, तेव्हा खोकडं जमिनीवरच्या कुंपणात ठेवली जात. अशा फार्मवर फुफ्फुसांतल्या जंतांनी आणि अंकुशकृमींनी पिल्लांचं फार नुकसान केलं. युकोलियस एरोफिलस हा श्वासनलिकेच्या अस्तरात राहणारा केसासारखा बारीक जंत. त्याची अंडी खोकल्याबरोबर वर येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून मातीत पडतात. तिथे काही आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात, आणि गांडुळं त्यांना आणखी सांभाळून ठेवतात. तेच कुंपण आणि तीच माती वर्षानुवर्षं वापरली तर दर वर्षीच्या पिल्लांना आदल्या वर्षाहून जास्त अंडी मिळत जातात. पिंजरे उचलून जाळीच्या तळावर आणल्यावर हा प्रश्न बराचसा मिटला. औषधापेक्षा बांधकामाने सुटलेला हा प्रश्न आहे, आणि प्रदर्शनात, बचाव केंद्रात किंवा संशोधनासाठी खोकडं मातीच्या आवारात ठेवणाऱ्यांनी तो अजिबात विसरू नये. त्यांच्याकडे तो तसाच परत येतो.

रानात मात्र फुफ्फुसांतले जंत अगदी नेहमीचे आहेत. क्रेनोसोमा वल्पिस आणि अँजिओस्ट्राँगिलस व्हॅसोरम हे दोघे गोगलगायींतून येतात. पहिला श्वासनलिकांमध्ये राहतो आणि खोकला आणतो. दुसरा फुफ्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला राहतो. 1853 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला गेला, पण गेल्या काही दशकांत तो युरोपभर पसरतो आहे. ब्रिटनमध्ये 2005-06 च्या पाहणीत 7.3 टक्के खोकडांत सापडलेला हा जंत 2013-14 च्या पाहणीत 18.3 टक्क्यांत सापडला. खोकडं तो बऱ्यापैकी सोसतात. त्याच गोगलगायी चघळणाऱ्या पाळीव कुत्र्यांचं मात्र रक्त गोठेनासं होतं, आणि कधी कधी मेंदूत रक्तस्राव होऊन कुत्रं जातं. ज्या भागात खोकडांत हा जंत आहे तिथे कुत्र्यांच्या डॉक्टरांनी अंगावर आपोआप उमटणारे निळे डाग आणि न थांबणारं रक्त पाहिलं की याचा विचार आधी करावा.

या दोघांसाठी नेहमीची तरंगवण्याची पद्धत, म्हणजे विष्ठा दाट द्रावणात घोळून वर तरंगणारी अंडी पाहणं, कामाची नाही. बेअरमन पद्धत लागते: ताजी विष्ठा जाळीच्या कापडात बांधून कोमट पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात रात्रभर टांगायची. जिवंत अळ्या विष्ठेतून बाहेर येऊन तळाशी जमतात. शेपटीच्या टोकाकडे पाहायचं. अँजिओस्ट्राँगिलसच्या अळीची शेपटी नागमोडी असते आणि पाठीकडे एक बारीक काटा असतो. क्रेनोसोमाची सरळ, टोकदार असते. विष्ठा जमिनीवर बराच वेळ पडलेली असेल तर मातीतल्या निरुपद्रवी अळ्या तिच्यात शिरतात आणि घोटाळा होतो, म्हणून नमुना ताजाच हवा.

आता ज्यांना पिंजरा अडवू शकत नाही ते. टॉक्सोकारा कॅनिस हा मोठा गोलकृमी यात पहिला. मादी खोकडाने कधीकाळी अंडी गिळलेली असतात. त्यांतल्या अळ्या तिच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत निपचित पडून राहतात आणि गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात जाग्या होऊन गर्भात शिरतात. काही पुढे दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जाळीवर जन्माला आलं काय किंवा बिळात जन्माला आलं काय, जंत घेऊनच जन्माला येतं. आईची विष्ठा स्वच्छ असते, कारण तिच्या आतड्यात काहीच नसतं, आणि नेहमीचं जंतनाशक स्नायूंत दडलेल्या अळ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. फार्मवाले 'मादीची तपासणी झाली, स्वच्छ आहे' असं सांगतात तेव्हा मला पिल्लांची पोटं पाहायची असतात. फुगलेलं पोट, निस्तेज केस, वजन न धरणं, आणि जास्तच झालं तर जंतांच्या गुंत्याने आतडं बंद होणं. कुत्र्यांच्या पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी जंतनाशक देतात, तेच वेळापत्रक इथेही डोळ्यांसमोर ठेवावं. औषध आणि मात्रा मात्र जनावर पाहणाऱ्या पशुवैद्यानेच ठरवावी, कारण बहुतेक जंतनाशकं खोकडांसाठी म्हणून मंजूर झालेली नसतात.

जाळीमुळे विष्ठा खाली पडते हे खरं, पण पिल्लांची पेटी लाकडी, उबदार आणि ओलसर असते. टॉक्सोकाराची अंडी चिकट असतात, पेटीच्या सांध्यांत बसतात, आणि नेहमीची जंतुनाशकं त्यांचं काही बिघडवत नाहीत. खरवडून धुणं आणि मग उकळती वाफ, हाच उपाय. फार्मवर गेलं की पिंजऱ्याकडे नंतर बघा, आधी पेटीचा कोपरा नखाने खरवडून बघा. पिल्लांच्या हगवणीतले कॉक्सिडिया वर्गातले परजीवीही याच ओलाव्यावर जगतात. पेटी कोरडी ठेवली की तेही आटोक्यात येतात.

ब्लू फॉक्सच्या बाबतीत आणखी एक नाव माहीत असायला हवं: एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. हल्लीच्या वर्गीकरणात हा सूक्ष्मजीव बुरशींच्या जवळ ठेवतात, तरी परजीवीशास्त्रातच शिकवला जातो. नॉर्वेच्या फार्मवर 1970च्या दशकात याचा बराच अभ्यास झाला. आई निरोगी, पण पोटातच संसर्ग झालेली पिल्लं काही आठवड्यांत अडखळू लागतात, गोल गोल फिरतात, झटके येतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. बाधित माद्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात, त्यामुळे रक्ततपासणी करून अशा माद्या पैदाशीतून काढणं हाच टिकाऊ मार्ग ठरला. अडखळणारं प्रत्येक पिल्लू याचंच असतं असं मात्र नाही. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आहे का ते पाहा. आणि खाद्यात कच्च्या माशांचं प्रमाण जास्त असेल तर काही माशांमधलं विकर थायामिन (जीवनसत्त्व बी-1) नष्ट करतं. त्यातून होणारा चॅस्टेक पॅरालिसिस खोकडांच्या फार्मवरच ओळखला गेला होता, आणि तो वेळेवर जीवनसत्त्व दिल्यास आवरतो.

अंगाला अंग लागून पसरणाऱ्यांमध्ये लूत सर्वांत वाईट, आणि रानातल्या खोकडांसाठी मला तिचंच दुःख जास्त आहे. सारकॉप्टेस स्केबिआय हा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. लाल खोकडाचं शरीर त्याच्यापुढे फार लवकर हरतं. आधी शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या पायांवर केस जातात, मग कातडी जाड, राखाडी आणि भेगाळ होते, खपल्यांखाली पू होतो, डोळे खपल्यांनी मिटत येतात. जनावर दिवसाही उन्हात बसलेलं दिसतं, कारण केस गेल्यामुळे अंगात ऊब राहत नाही आणि खाजवण्यात सगळी ताकद जाते. उपचार झाला नाही तर बहुतेक तीन-चार महिन्यांत मरतं. स्वीडनमध्ये 1970च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या साथीत खोकडं निम्म्याहून कमी झाली आणि ससे वाढले. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर तर खोकडं उरलीच नाहीत. ब्रिस्टल शहरात 1994 मध्ये साथ शिरली आणि दोनेक वर्षांत तिथली 95 टक्क्यांहून जास्त खोकडं गेली. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहरात 2013 पासून हीच लूत सॅन वाकीन किट फॉक्स या आधीच दुर्मीळ प्रकाराला छळते आहे.

लुतीवर औषधं चांगली आहेत. आयव्हरमेक्टिन जुनं आहे, आणि फ्लुरालॅनरच्या गटातली नवी औषधं एका मात्रेत बराच काळ टिकतात. पण खोकड दिसलं म्हणून अंगणात औषध लावलेलं खाणं ठेवू नका. ते कोण खातं हे कळत नाही, एकाच जनावराने दोन दिवसांची मात्रा एकदम खाल्ली तरी समजत नाही. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यांना आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं. पकडता येण्याजोगं जनावर असेल तर वन्यजीव बचाव केंद्राला कळवा, तिथे वजन करून उपचार होतो. पिंजऱ्यांच्या रांगेत मात्र लूत दिसली तर एका जनावरावर उपचार करून थांबू नका. शेजारचे सगळे पिंजरे, पेट्या, पकडण्याचे चिमटे आणि हातमोजे, सगळ्यांचा एकाच वेळी बंदोबस्त करा, आणि स्वतःच्या मनगटांवर खाज येते का तेही बघा.

कानातला किडा ओटोडेक्टेस सायनोटिस फार्मवर किरकोळ समजला जातो: कान झटकणं, काळपट चिकट मळ, थोडे दिवस औषध. बेरिंग समुद्रातल्या मेद्नी बेटावर याच किरकोळ किड्याने 1970च्या दशकात ध्रुवीय खोकडांच्या एका वेगळ्या उपजातीची पिल्लं इतकी मारली की संख्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. लहान, एकाकी समूहात कुठलाच परजीवी किरकोळ नसतो.

खाद्याबद्दल एक सक्त सूचना आहे. खोकडाचं कातडं काढल्यावर उरलेलं धड दुसऱ्या खोकडांना घालू नका आणि रानात फेकूही नका. ट्रिकिनेला जातीच्या अळ्या मांसभक्षक जनावरांच्या स्नायूंत असतात आणि मांस खाल्ल्यानेच पुढे जातात. थंड प्रदेशातली ट्रिकिनेला नेटिव्हा गोठलेल्या मांसातही वर्षानुवर्षं जिवंत राहते, म्हणून 'आम्ही मांस गोठवतो' हे उत्तर तिच्यासाठी चालत नाही. पूर्ण शिजवावं लागतं. तपासायचं असेल तर पुढच्या पायाचा स्नायू, जीभ आणि छाती-पोटामधला स्नायूचा पडदा घेऊन पेप्सिन-आम्लात विरघळवतात आणि मोकळ्या झालेल्या गुंडाळलेल्या अळ्या शोधतात. विष्ठेच्या तपासणीत ट्रिकिनेला सापडत नाही, हेही लक्षात ठेवा.

तपासणीचा उलटा घोटाळाही होतो: जे खोकडाचं नाहीच ते त्याच्या माथी मारलं जातं. ससा खाल्लेल्या खोकडाच्या विष्ठेत सशाचे आयमेरिया (कॉक्सिडियांपैकीच एक) दिसतात, पक्षी खाल्ला असेल तर पक्ष्यांच्या कॅपिलारिया या केसासारख्या जंतांची अंडी दिसतात. ती नुसती आतड्यातून वाहून आलेली असतात. अहवालात आयमेरिया लिहिलेला पाहिला की औषध लिहिण्याआधी जनावराने काय खाल्लं ते विचारा. युकोलियस आणि चाबूककृमीची अंडीही एकमेकांसारखी असतात. दोन्हींच्या दोन टोकांना बुचं असतात, पण युकोलियसची बुचं एका रेषेत नसून जरा तिरकी बसलेली असतात.

म्हणून नमुना पाठवताना माझा आग्रह असा असतो: एकाच दिवसाची विष्ठा न पाठवता तीन वेगवेगळ्या दिवसांची ताजी विष्ठा घ्या, थंड ठेवा पण गोठवू नका, आणि सोबत जनावराचं वय, जमिनीवर की जाळीवर, खाद्य काय, शेवटचं जंतनाशक कधी आणि कोणतं हे लिहा. त्यात 'तरंगवण्याची आणि बेअरमन, दोन्ही' असं स्पष्ट मागा, आणि एकिनोकॉकस आढळणाऱ्या प्रदेशातला रानातला नमुना असेल तर पाकिटावर ते ठळक लिहा. पलीकडे पाकीट उघडणाऱ्या माणसाला ते आधी कळलं पाहिजे.